रबरी सुटाचं माप

तो सूट आमच्या घरी आला तेव्हा माझ्या मशीनवर एका नवरीचे पाच ब्लाउज अर्धवट पडले होते आणि मला एकाचीही बाही नीट लावता येत नव्हती. लावायची, उसवायची, परत लावायची. पंधरा दिवस असंच चाललं होतं, कारण नवऱ्याच्या अंगातली थंडी जात नव्हती.

सिंदेवाहीला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं घर. पुढच्या खोलीत माझी शिलाई मशीन. बायकांचे ब्लाउज, पोरींचे फ्रॉक, शाळेचे गणवेश एवढंच मी शिवायची. पुरुषांचं काम घेत नसे. आम्ही दोघंही तलावावर मासे धरणाऱ्या घरातले. नवरा धानाच्या हंगामात मजुरीला जायचा, बाकीचे दिवस जाळं. पण त्याचं नाव होतं ते बुडी मारण्यात. तलावाचं तुडुम, म्हणजे शेताला पाणी सोडायचं बांधातलं दार, गाळानं नाहीतर फांद्यांनी अडलं की आसपासच्या गावांतून त्याला बोलावणं यायचं. अंगाला जवसाचं तेल चोळून तो एका दमात खाली जायचा, चाचपून चाचपून अडकलेलं ओढून काढायचा आणि वर यायचा. दम संपला की माणसाला वर यावंच लागतं, म्हणून पाणी कितीही गार असलं तरी ते त्याच्या हाडात शिरत नव्हतं.

मग नव्वदच्या दशकाच्या शेवटाला एक ठेकेदार आला. जलाशयांची लोखंडी दारं, कारखान्यांच्या पाणी ओढायच्या विहिरी, असली पाण्याखालची कामं तो घ्यायचा. त्याच्याकडे हवा भरायचं मशीन होतं. मशीन काठावर, तिथून लांबलचक नळी, नळीच्या टोकाला तोंडावर बसणारा मुखवटा. नवऱ्याला आता अर्धा अर्धा तास खाली राहता येऊ लागलं, आणि थंडीलाही तेवढाच वेळ मिळू लागला. घुग्घुसकडे एका बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीत पाणी साचलं होतं. तिथं बुडालेला पंप काढायला तो तीन दिवस उघड्या अंगानं उतरला. चौथ्या दिवशी घरी आला तो भर दुपारी अंगणातल्या उन्हात गोधडी पांघरून बसला, तरी त्याचे दात वाजत होते. हातात चमचा धरवत नव्हता.

ठेकेदार विचारपूस करायला आला तेव्हा मी मशीनवरून उठले.

"भाऊ, असं उघड्यानं नाई चालत. मानूस हाये थो, मासोळी नाई."

"मले का समजत नाई का, बाई? मुंबईहून सूट मागवून राह्यलो. रबराचा. थंडी आतच नाई येत म्हन्तात."

आठ दिवसांनी सूट आला. काळा, जाड, टायरच्या दुकानासारखा वास मारणारा. कोणातरी धिप्पाड माणसानं वापरून टाकलेला होता. मी तो खुंटीवर टांगला तर खुंटीच भिंतीतून निघून आली. नवऱ्यानं घातला तेव्हा पोटावर आणि गुडघ्यामागं त्याच्या घड्या पडल्या.

ठेकेदार हसला. "घरातच शिलाईवाली हाये. कमी करून टाका ना, बाई."

मी हो म्हटलं. का म्हटलं, हे मी स्वतःला नंतर कितीदा विचारलं. पण त्या दिवशी मला त्या कामाची घाई झाली होती. घरात बसून त्याचं कुडकुडणं ऐकण्यापेक्षा हाताला काहीतरी करायला मिळालं, एवढंच मला दिसलं.

लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण नवऱ्याचं माप मी तेव्हा पहिल्यांदा घेतलं. छाती, कंबर, मांडी, पोटरी, मनगट, गळा. खडू त्या रबरावर उमटेना, म्हणून साबणाच्या कापानं खुणा केल्या. अठरा नंबरची सुई लावली. तीन सुया मोडल्या. रबर मशीनच्या पायाखाली सरकायचं नाही, चिकटून बसायचं. मी दोन्ही हातांनी ओढत होते आणि पायानं पायडल मारत होते. खांदे भरून आले तरी थांबवत नव्हतं. नवरीची आई दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा तिला उद्या या म्हणून सांगितलं.

गळ्याशी आल्यावर मी विचार केला. पाणी शिरणार ते वरूनच, मग गळा सगळ्यात घट्ट हवा. ब्लाउजला आपण माया ठेवतो, पुढं अंग भरलं तर उसवता यावं म्हणून शिलाईच्या आत कापड सोडतो. इथं मी गळ्याला अजिबात माया ठेवली नाही. अगदी मापावर आणला, आणि मापाच्याही थोडा आत.

"घाला बरं. कसं वाटते?"

"बराबर हाये."

माझा नवरा सगळ्यालाच बराबर म्हणणारा. वरणात मीठ नसलं तरी बराबर, चपलेत खिळा टोचत असला तरी बराबर. ते मला माहीत होतं. तरी मी त्या शब्दावर विसंबले.

काम गडचिरोलीकडच्या जंगलातल्या एका जलाशयाचं होतं. वाहून आलेलं लाकूड दारात अडकून ते पुरतं बंद होत नव्हतं. एरवी मी कधी कामावर जात नसे, पण या वेळी मी शिवलेलं त्याच्या अंगावर होतं, घरी राहणं मला जमणारच नव्हतं. सासरे दोर धरायला नेहमीच जायचे. आयुष्यभर जाळं फेकलेले त्यांचे हात, पाण्याखाली काय चाललंय ते त्यांना दोरावरून कळायचं. ठरलेलं असं की वरून एक झटका दिला की खालून एक परत यायचा, म्हणजे सगळं ठीक. लागोपाठ तीन आले की वर ओढायचं.

सूट घालून नवरा पाण्यात गेला आणि बुचासारखा तरंगला. रबर त्याला खाली जाऊच देईना. ठेकेदारानं दोन दगड दोरीनं कमरेला बांधले तेव्हा कुठं तो दिसेनासा झाला. हवेचं मशीन भकभकत होतं. मी थोडा वेळ सासऱ्यांच्या मागं उभी राहिले, मग बांधावर चालायला लागले. त्या टोकापर्यंत जायची, वळायची, परत यायची. सागाची पानं वाऱ्यानं खडखडली तरी मी वळून पाहायची. सासऱ्यांनी एक झटका दिला. परत आला. थोड्या वेळानं दुसरा दिला. परत आला, पण उशिरा. मी बांधाच्या टोकाला होते तेव्हा सासऱ्यांनी तिसरा झटका दिला, मग चौथा, आणि एकदम दोर हातावर गुंडाळून ओढायला लागले.

"काऊन ओढता?" ठेकेदार ओरडला. "तीन कुठी आले?"

"एकबी नाई आला," सासरे म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही.

मी धावले. धावताना माझी एक चप्पल मागं राहिली ते मला नंतर कळलं. नवरा वर आला तेव्हा तोंड लालबुंद झालं होतं, कानशिलाच्या शिरा टरारल्या होत्या, डोळे उघडे असून आमच्याकडे बघत नव्हते. तिघांनी त्याला काठावर घेतलं. मुखवटा काढला. मी गळ्यात बोटं घालायला गेले तर बोट आत जाईना. माझीच शिलाई, तीही दुहेरी. सासऱ्यांनी कमरेची सुरी काढली आणि गळ्यापासून छातीपर्यंत सूट चिरून टाकला.

त्यानं मोठ्ठा श्वास घेतला. मग दुसरा. थोड्या वेळानं उठून बसला आणि आमच्याकडे आळीपाळीनं बघितलं.

"काई नाई. जराशी अंधारी आली डोयापुढं."

सूट काढला तर घोट्यांतून बादलीभर गार पाणी बाहेर पडलं. माझ्या सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी आत आलं होतं. थंडी थांबली नव्हती, नुसता गळा आवळला गेला होता. त्याच्या मानेभोवती तांबडा वण होता, आणि त्या वणात टाके मोजता येतील इतके साफ उठले होते.

नवरीचे ब्लाउज मी कसेबसे दिले. पाचही गळ्यांत ढगळे झाले. तिची आई रागावली, मी ऐकून घेतलं. त्या महिन्यात माझ्या हातून कोणाचाच गळा नीट झाला नाही. कात्री लावायच्या आधी मी दहादा मापपट्टी फिरवायची आणि शेवटी अर्धा इंच जास्त सोडायची. जेवताना उठायची, भांडी घासताना हात पुसून दारात जायची. नवऱ्याच्या मानेवरचा वण चार दिवसांत गेला. मी मात्र तो जेवायला बसला की मानेकडे बघत राहायची.

"जाऊ दे ना वं," तो म्हणायचा. "मी उघडाच बरा."

"मंग मीबी येतो त्या पान्यात," मी म्हणायची. "दोघंबी कुडकुडू."

ठेकेदार म्हणाला, नवा सूट मागवतो, टेलिफोनवर उंची आणि वजन सांगितलं की मुंबईचं दुकान पाठवून देतं. मी म्हटलं, उंची-वजनावरून तर मी ब्लाउजही शिवत नाही. अंगावर घालून बघितल्याशिवाय आता काही घ्यायचं नाही, आणि मी सोबत जाणार. ठेकेदारानं थोडी कुरकुर केली. पण त्या दिवशी काठावर तोही होता. त्यानं फार ताणलं नाही.

नागभीडला गाडीत बसलो, गोंदियाला मुंबईची गाडी धरली. फाटका सूट पिशवीत घेतला होता. का घेतला ते नवऱ्यानं विचारलं तेव्हा मला सांगता आलं नाही. चूक कुठं झाली ते कोणीतरी बोट ठेवून दाखवावं, असं मला वाटत होतं.

दुकान गोदीजवळच्या एका गल्लीत होतं. दोर, तरंगते गोळे, वल्ही, कंदील आणि भिंतीला ओळीनं टांगलेले काळे सूट. दुकानदार म्हातारा, कोकणातला. तरुणपणी बोटींच्या तळाला चिकटलेले शिंपले खरवडायला तो स्वतः पाण्यात उतरायचा. मी पिशवीतून सूट काढून त्याच्या पुढ्यात ठेवला. त्यानं चष्मा लावला आणि शिलाई उजेडात धरली.

"ही शिवण कोणी मारली?"

"मी."

आता हा बोलणार म्हणून मी पदर आवळून उभी राहिले. त्यानं शिलाईवरून अंगठा फिरवला.

"हात सरळ आहे तुमचा. पण बाई, हे कापड नव्हे."

मग त्यानं मला समजावून सांगितलं, आणि एखाद्या शिकाऊला सांगावं तसं नीट सांगितलं. या रबरात बारीक बारीक हवेचे बुडबुडे असतात, ते थंडी अडवतात. सूट पाणी पूर्ण थांबवत नाही. अंग आणि रबर यांच्यामध्ये पाण्याचा एक पातळ थर येतो आणि अंगाच्या उबेनं तो गरम होतो. सूट ढिला असला तर ते गरम पाणी निघून जातं, दुसरं गार येतं, आणि अंग बिचारं पुन्हा पुन्हा तेच काम करत बसतं. म्हणून कुठंही पोकळी नको. पाठीच्या खोलगट भागात, काखेत, जांघेत, गुडघ्यामागं, तिथं पहिल्यांदा बघायचं. त्यानं एक नवा सूट उलटा करून जोड दाखवला. आधी चिकटवलेला होता, आणि धागा रबराच्या अर्ध्या जाडीतूनच घेतला होता, आरपार कुठंच गेला नव्हता. मी नख लावून पाहिलं. भोक कुठंच नव्हतं.

"आणि गळा?" मी विचारलं.

त्यानं स्वतःच्या मानेच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवली. "इथून डोक्याला रक्त जातं. इथं दाबलं तर श्वास चालू असूनही माणूस आडवा होतो. गळा लागून बसायला हवा, पण दाबता कामा नये. गिळता आलं पाहिजे, मान वळली पाहिजे. आणि हे एका मिनिटात कळत नाही. घालून बसावं लागतं."

शेजारी स्टूल होतं त्यावर मी बसले.

घालून बघायला खोली नव्हती. दुकानाच्या मागं ताडपत्री टांगलेली होती, तिच्या आड नवरा आणि दुकानदार गेले. पायांत प्लॅस्टिकच्या पिशव्या घालून मग सूट चढवायचा, म्हणजे तो सरकतो. नखं लावायची नाहीत, बोटांच्या पेरांनी ओढायचं. आतून धापा ऐकू येत होत्या. पहिला सूट चढायला इतका वेळ लागला की माझे दुकानातले सगळे दोर बघून झाले.

"कसं हाये?" मी बाहेरून विचारलं.

"बराबर हाये."

दुकानदार ताडपत्री बाजूला करून बाहेर आला. "हे नेहमी असंच म्हणतात का?"

"नेहमी."

"मग तुम्हीच आत या."

मी आत गेले. पाठीच्या खोलगटात हात लावला तर आख्खी मूठ मावत होती. दुसरा सूट पाठीला चिकटून बसला, पण नवऱ्याचे हात खांद्याच्या वर जाईनात. तिसऱ्यात हात वर गेले तर कमरेला पोकळी. चौथ्यात कंबर बसली आणि छाती इतकी आवळली की त्याला पुरता श्वास घेता येईना. जाळं फेकून फेकून त्याचे खांदे रुंद झालेले, आणि खालचं अंग काटकुळं. असा माणूस त्या सूट बनवणाऱ्यांच्या हिशेबात नव्हता. घामानं तो निथळत होता. त्याला सोलून काढायचं आणि परत कोंबायचं, असं आमचं दोघांचं चाललं होतं. बाहेर गिऱ्हाइकं येत होती, ताडपत्रीच्या फटीतून बघत होती.

शेवटी त्याचा पारा चढला. "चाल. थो पहिलाच घेऊन टाकू. आरामाचा होता."

"आराम पाहिजे तर घरी लुंगी हाये."

"तुले काय होते बोलाले? आतमधी मी जातो."

"आन् वर मी असतो!" माझा आवाज मला वाटलं त्याहून मोठा निघाला. "दोर ढिला पडला तवा कुठी होते तुमी? मले मालूम हाये कुठी होते. तुमाले नाई मालूम."

सूट कमरेपर्यंत उतरलेला, तसाच तो भिंतीला टेकून उभा राहिला. मग खाली बघत म्हणाला, "गळा घरीच लागत होता."

"काय?"

"घरी घातला, तवाच. आवळत होता. पान्यात गेल्यावर ढिला पडन म्हनलं."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"आठ दिवस तू उठली नाई मशीनवरून. खांदे दाबत होती. तुले कसं सांगू का बराबर नाई म्हनून?"

दुकानदार बाहेर गेला आणि कुठला तरी दोर उगाचच गुंडाळू लागला. मला रडू आलं, रागही आला, आणि त्यातलं आधी काय करावं ते कळेना. एवढे दिवस मी त्या गळ्यासाठी स्वतःला खात होते, आणि हा माणूस माझ्या आठ दिवसांच्या मेहनतीला नाही म्हणवत नाही म्हणून पाण्यात उतरला होता. मी पदरानं त्याच्या पाठीवरचा घाम पुसला.

"यापुढं मले बराबर म्हनू नका," मी म्हटलं. "कुठी लागते थे सांगा. नाई लागत तर कुठी नाई लागत थे सांगा."

दुकानदार थोड्या वेळानं आत आला. हातात दोन वेगळे तुकडे होते. एक खांद्यावर अडकवायची लांब पँट, आणि वरून घालायचं जाकीट. हे सुटे मिळतात, तो म्हणाला. माळ्यावर पडून होते, लोक एकसंध मागतात म्हणून काढले नव्हते. पँट लहान मापाची, जाकीट एक नंबर मोठं. मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. खांदे आणि कंबर जुळत नसतील तर कपडा दोन भागांत करायचा, हे तर मी रोज करत होते.

नवऱ्यानं घातलं. मी पाठीत हात घातला, मूठ शिरली नाही. काखेत बघितलं, गुडघ्यामागं बघितलं. दुकानदारानं त्याला उकिडवं बसवलं, हात वर करायला लावले, जाळं फेकायला लावलं. नवऱ्यानं हवेतच जाळं फेकलं, आणि भिंतीवरचा एक कंदील पडला.

"गळा?" मी विचारलं.

त्यानं गिळलं. मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. डोळे मिटून थोडा वेळ थांबला. "उजव्या बाजूनं लागते. जरासंच."

दुकानदारानं जाकीट बदललं. पुन्हा सगळं केलं. या वेळी म्हातारा म्हणाला, आता पंख्याखाली बसा, मी चहा मागवतो. चहा आला, पिऊन झाला, तरी त्यानं उठू दिलं नाही. बोटं सुन्न होतायत का, डोकं जड वाटतंय का, असं मध्ये मध्ये विचारत राहिला. मला स्टुलावर बसवेना. मी नवऱ्याभोवती फेऱ्या मारत होते, एकदा मानेला हात लावायचा, एकदा मनगटाला.

बुटांनी आणखी छळलं. चिखलात अनवाणी वाढलेले पाय, बोटं पंख्यासारखी पसरलेली. लांबीला बसणारे बूट रुंदीला फाटायला आले, रुंदीला बसणारे पुढं रिकामे राहिले. रिकाम्या जागेत पाणी भरणार आणि चालताना फटफट करणार, म्हणून दुकानदारानं ते द्यायलाच नकार दिला. शेवटी कडक तळ नसलेले, मोज्यासारखे मऊ बूट बसले. हातमोज्यांना नवरा नाहीच म्हणत होता.

"माहे डोये हातात हायेत. खाली गढूळ पान्यात काई दिसत नाई. बोटं झाकली तर मी आंधळा."

म्हाताऱ्यानं वाद घातला नाही. बादलीत पाणी घेतलं, त्यात एक नट, एक बोल्ट, दोराचा तुकडा आणि लाकडाची ढलपी टाकली, आणि त्याला डोळे मिटायला सांगितलं. जाड हातमोज्यांत त्याला नट आणि ढलपी वेगळी ओळखू येईना. पातळ हातमोज्यांत त्यानं चारही वस्तू सांगितल्या, वर दोर सुताचा नाही, नायलॉनचा आहे हेही सांगितलं. पातळ घेतले. डोक्याची टोपी मात्र त्यानं आपणहून मागितली. गार पाण्यानं कान ठणकतात, असं तेव्हा म्हणाला. हेही मला पहिल्यांदाच कळत होतं.

कमरेच्या वजनाचा पट्टा घेतला, पण शिसं घेतलं नाही, इतक्या दूर ओझं कोण वाहणार. दुकानदारानं पट्ट्याचं बक्कल आमच्या दोघांकडून एका हातानं दहा दहा वेळा उघडून घेतलं. हा पट्टा सगळ्यात वरून बांधायचा, त्याच्यावर काही नको, अडचण आली तर पहिल्यांदा हाच सोडायचा. दगड पुन्हा बांधलेत तर माझ्या दुकानात येऊ नका, असंही म्हणाला. घरी आल्यावर सासऱ्यांनी जाळ्याची शिशाची वजनं ओततात तशीच, वाळूच्या साच्यात पट्ट्याची वजनं ओतली. पट्टा ओवता यावा म्हणून प्रत्येकात फट ठेवली.

माघात पुन्हा त्याच जलाशयावर गेलो. आधी कमरेएवढ्या पाण्यात बघितलं. तीन वजनांनी तो तरंगत राहिला, पाचांनी दगडासारखा बसला. चार ठेवली. उतरण्याआधी त्यानं मान वळवून, गिळून बघितलं. मी सांगितलं नव्हतं.

तो खाली गेला. सासऱ्यांनी झटका दिला, खालून आला. पुन्हा दिला, पुन्हा आला. प्रत्येक वेळी लगेच. तरी माझं बूड एका जागी टेकेना. मी बांधावरची वाळकी पानं गोळा करून ढीग केला, मग तो पायानं उधळला. ठेकेदार म्हणाला, बाई, तुमाले पाहून मलेच चक्कर येऊन राह्यली. अर्धा तास झाला. मग दारातलं लाकूड सुटून वर उसळलं, झाडाचा आख्खा एक फाटा, शेवाळानं माखलेला. त्याच्या मागून नवरा आला.

मी कॉलरमधून आत हात घातला. अंग गरम होतं. घराच्या चुलीपुढं बसलेल्या माणसाचं असावं तसं.

"सांगा."

तो विचार करत बसला. "पाठ गरम राह्यली. डाव्या काखेत घासते. बूट बेस हायेत, पन चढवाले तरास. हातमोजे एका बोटाले लांब हायेत." मग थांबला. "गळ्याकडं ध्यानच नाई गेलं."

डाव्या काखेत घासत होतं तिथं मी घरी आतून पातळ कापडाची पट्टी चिकटवली. सुई लावली नाही.

त्यानंतर ठेकेदाराकडे आणखी चौघं बुडीवाले लागले, आणि प्रत्येकाला तो आधी माझ्याकडे पाठवू लागला. पुरुषांची मापं घेत नाही म्हणणारी मी ओळीनं पुरुषांच्या छात्या, पोटऱ्या आणि तळपाय मोजत होते. गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून बघायच्या. मग टेलिफोन बूथवर जाऊन मुंबईच्या म्हाताऱ्याला ओरडून मापं सांगायची, तो उलट प्रश्न विचारायचा, खांदे कसे, पाय कसे, बोलतो की गप्प असतो. गप्प असला तर त्याला इकडं पाठवा, म्हणायचा.

नवरा त्या सुटात सात हिवाळे उतरला. माझी अस्वस्थता त्यानं कमी झाली नाही. तो कामावर गेला की मी तेच ब्लाउज दोनदा इस्त्री करायची. आठव्या हिवाळ्यात जाकिटाची चेन छातीवर अडली. त्याचं अंग भरलं होतं, रबर कडक झालं होतं. ठेकेदार म्हणाला, नवा आणू, यात काय. नवरा काठावर बसून पाण्याकडे बघत होता. मी काही बोलले नाही, बोलले असते तर तो माझ्याकडं बघून हो म्हणाला असता.

"नाई," तो म्हणाला. "आता मले खाली गेल्यावर घाई होते. जीव लवकर वर पाहते. असा मानूस पाठवू नये."

ठेकेदारानं दोन-तीनदा समजावून पाहिलं. मग दुसऱ्याला सूट चढवायला सांगितलं. आम्ही दोघं जंगलातल्या फाट्यावर येऊन बसची वाट बघत बसलो. सासरे दोर धरायला तिकडंच थांबले होते. बस आली, खिडकीपाशी जागा मिळाली. नवरा लगेच झोपला. त्याचं डोकं माझ्या खांद्यावर पडलं, आणि मी प्रत्येक गावाची पाटी वाचत सिंदेवाहीपर्यंत जागी राहिले.